लॉच्या ॲडमिशनचा ‘चान्स रिपोर्ट’: ९९९ रुपयांत नेमकं काय मिळतं

परभणीत वसमत रोडला माझं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. झेरॉक्स, पॅनकार्ड, पीकविमा, सातबारा, आणि उन्हाळा लागला की ॲडमिशनचे फॉर्म. लॉचे फॉर्म आधी मोजकेच यायचे, आता त्यांचा वेगळा सीझन झालाय. नीटला नंबर लागला नाही म्हणून लातूरहून सामान गुंडाळून आलेलं लेकरू आधी बी.फार्मसीचं विचारतं, मग लॉचं. त्याशिवाय तीन वर्षांच्या एलएलबीला येणारी नोकरदार मंडळी असतात: मास्तर, ग्रामसेवक, कंडक्टर, बँकेतले. अलीकडं यांच्यातले बरेच जण फॉर्म भरायला बसतात तेव्हा बगलेत एक रंगीत फाईल असते. ‘ॲडमिशन चान्स रिपोर्ट’. किंमत ९९९ रुपये.

लोकांच्या फायली चाळून झाल्या होत्याच, भाचीसाठी एक घरच्या पैशांनीही घेतली. विकणाऱ्याचं नाव घेत नाही. असे रिपोर्ट देणारे आता गल्लोगल्ली झालेत आणि आतला माल थोड्याफार फरकानं एकच. घाईत असणाऱ्यांना आधीच सांगून टाकतो: पाचपैकी दोन स्टार. एक तिथल्या मॅडमचा, एक चहाचा.

आधी मिळतं काय ते बघा. तुम्ही सीईटीचे, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेचे, मार्क, कॅटेगरी, जिल्हा आणि आवडीची कॉलेजं लिहून द्यायची. ते कॉम्प्युटरमध्ये टाकतात आणि गुळगुळीत कागदावर कॉलेजांची यादी काढून देतात. यादीला तीन रंग. हिरवा म्हणजे पक्कं, पिवळा म्हणजे होऊ शकतं, लाल म्हणजे विसरा. प्रत्येक कॉलेजसमोर टक्के. माझी भाची सेलूची, बारावी आर्ट्स, पाच वर्षांच्या कोर्सला जायचंय, कॅटेगरी एनटी-डी, म्हणजे वंजारी. तिच्या कागदावर पुण्याचं आयएलएस लाल, ३१ टक्के. संभाजीनगरचं माणिकचंद पहाडे आणि नांदेडचं नारायणराव चव्हाण पिवळ्यात. आणि एक जवळचं कॉलेज हिरव्यात, ७३ टक्के.

फाईल घेऊन ती थेट दुकानात आली. “मामा, त्र्याहत्तर म्हणजे लागतंयच ना?”

मी विचारलं, “त्र्याहत्तरच कामून? सत्तर कामून नाही?” तिला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट विकणाऱ्या केंद्रावर जाऊन मीच विचारलं. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, सॉफ्टवेअर काढतं. सॉफ्टवेअर कशावरून काढतं, तर मागच्या वर्षाच्या कटऑफवरून. मग मी त्याला कागद मागितला आणि एक साधा गुणाकार करून दाखवला. तो इथंही मांडतो, कारण रिपोर्ट घेणाऱ्या प्रत्येक आईबापानं तो एकदा तरी करावा.

बार कौन्सिलच्या नियमानं लॉची एक तुकडी ६० जणांची. आमच्या भागातल्या बऱ्याच कॉलेजांत एखादीच तुकडी असते. आता राज्याच्या आरक्षणाचे टक्के लावा. ओबीसी १९ टक्के, म्हणजे अकरा जागा. एससी १३ टक्के, म्हणजे आठच्या आसपास. एनटी-सी साडेतीन टक्के, म्हणजे दोन. आणि एनटी-डी २ टक्के, म्हणजे १.२. म्हणजेच एक. हा ढोबळ हिशेब झाला, जागांचा खरा तक्ता कॅपच्या, म्हणजे सरकारी प्रवेशफेऱ्यांच्या, वेळी येतो आणि त्यात इकडंतिकडं होतं. पण मुद्दा कळायला एवढा पुरे.

ज्या रकान्यात एकच जागा, त्या रकान्यातला मागच्या वर्षीचा ‘कटऑफ’ म्हणजे कुठल्यातरी एका पोराचे किंवा पोरीचे मार्क. बस्स. तो पोरगा यंदा नाही. त्याच्या जागी कोण येणार हे त्या सॉफ्टवेअरच्या बापाला माहीत नाही. यंदा एखादी वंजाऱ्याची हुशार पोरगी ओपनच्या यादीतच वर आली आणि ओपनची जागा घेऊन गेली, तर ही एक जागा खालच्या नंबरला सुटते. तीच पोरगी दहा मार्क कमी घेऊन आली तर ही जागा तिची, आणि माझी भाची बाहेर. आता यावर ७३ टक्के कसे काढायचे? शेतात पाय न ठेवता तलाठ्यानं नजरअंदाज पैसेवारी लावावी तसले हे टक्के. आकडा दिसतो, पीक दिसत नाही.

ओपनवाल्यांचं आणि ओबीसींचं थोडं बरं आहे. तिथं जागा जास्त, कटऑफ वर्षागणिक फार उड्या मारत नाही, त्यामुळं मागचं बघून पुढचं थोडंफार सांगता येतं. पण आमच्याकडं एनटी-बी, एनटी-सी, एनटी-डी, व्हीजे, एसबीसी हीच गर्दी मोठी. त्यांनाही तसल्याच छापील टक्क्यांचा कागद, तेच ९९९ घेऊन. “हा रकाना लहान आहे, इथं आमचा अंदाज चालत नाही” एवढी एक ओळ छापली असती तरी मी तिसरा स्टार दिला असता.

दुसरी गोष्ट मार्कांची. लॉची सीईटी आधी १५० मार्कांची होती, आता १२० ची आहे. जुन्या वर्षाच्या कटऑफमधले ९० आणि आताचे ९० यात जमीन-अस्मानाचा फरक. दीडशेतले ९० म्हणजे साठ टक्के, एकशेवीसमधले ९० म्हणजे पंचाहत्तर. एका ग्राहकाच्या रिपोर्टात तीन वर्षांचे कटऑफ शेजारी शेजारी छापले होते आणि त्यांची सरळ सरासरी काढली होती. कुठलं वर्ष कितीतलं, एका शब्दाचा उल्लेख नाही. अशा वेळी मार्क बघायचेच नाहीत, मेरिट नंबर बघायचा. मागच्या वर्षी या कॉलेजात या कॅटेगरीत शेवटचा मेरिट नंबर कितवा होता आणि तुझा कितवा आहे, एवढंच. पेपर सोपा गेला काय, अवघड गेला काय, रांगेतला तुझा नंबर तोच. परीक्षेला बसणारे वाढले तर नंबर थोडा मागं-पुढं धरायचा.

आता ज्यावरून मला खरा राग आला ते सांगतो. मानवतकडचे एक कंडक्टर, एसटीत वीस-बावीस वर्षं नोकरी, वय पन्नाशीच्या जवळ. त्यांना तीन वर्षांची एलएलबी करायची होती. निवृत्तीनंतर कोर्टात बसायचं, पोरांना कशाला मागायचं, असं म्हणत होते. वयाचं विचारलं त्यांनी, मी म्हटलं सीईटीला वयाची आडकाठी नाही, काळजी करू नका. सीईटीत मार्कही बरे पडलेले. रिपोर्ट तर सगळा हिरवा! परभणी हिरवं, नांदेड हिरवं, लातूरचं दयानंद हिरवं. त्यांनी तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणला होता, वरून रबर लावून.

कॅपचा फॉर्म भरायला बसलो. दहावी भरली. बारावीपाशी मी विचारलं, “काका, बारावीचा सीट नंबर?” ते म्हणाले, “बारावी नाही बरं का साहेब. मी मुक्त विद्यापीठाची बीए केलीय, पूर्वतयारीची परीक्षा देऊन.”

माझा हात तिथंच थांबला. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा पूर्वतयारी कोर्स ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल. शाळा सुटलेल्या माणसाला बारावीशिवाय बीए, बीकॉमला बसायची ती वाट. तलाठी, ग्रामसेवक, पोलीस, किती जणांनी त्या वाटेनं पदवी घेतली. नोकरीतल्या बढतीला ती चालते. पण लॉला चालत नाही. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांतच लिहिलंय: मूळ शिक्षण नसताना मुक्त विद्यापीठातून थेट बारावी किंवा पदवी घेतलेला उमेदवार कायद्याच्या कोर्सला पात्र नाही. नीट वाचा, नाहीतर उगं घाबराल: ज्यांनी बारावी केली आणि मग मुक्त विद्यापीठातून बीए केलं, त्यांना अडचण नाही. अडचण मधली पायरीच नसणाऱ्यांना.

म्हणजे ज्या माणसाचा चान्स शून्य, त्याला तिन्हीकडं हिरवा रंग. मी केंद्रावर फोन लावून दिला, कंडक्टर काकांनी स्वतःच बोलून घेतलं. उत्तर आलं: रिपोर्ट मार्कांवर असतो, पात्रता बघणं उमेदवाराची जबाबदारी. खाली बारीक अक्षरात छापलंय म्हणे. छापलंच होतं, मी भिंग घेऊन वाचलं. काका काही बोलले नाहीत, रबर पुन्हा लावलं आणि कागद पिशवीत घातला. मी फॉर्मचे पैसे घेतले नाहीत. केंद्रानं मात्र रिपोर्टचे परत दिले नाहीत.

चान्स सांगायचा धंदा करायचा तर पहिला प्रश्न मार्कांचा नसतोच. पहिला प्रश्न: तुम्ही रांगेत उभे राहू शकता का? पदवीला किंवा बारावीला ओपनला ४५ टक्के लागतात, ओबीसी-भटक्यांना ४२, एससी-एसटीला ४०. आणि इथं पूर्णांक करून देत नाहीत. ४४.९९ म्हणजे ४४.९९च. असे दोघे-तिघे दर सीझनला येतात, गुणपत्रिका पुढं सरकवतात आणि म्हणतात, “पंचेचाळीसच धरा की दादा.” मी धरून काय उपयोग?

आणि दुसरा प्रश्न कागदांचा. जात प्रमाणपत्र आहे, पण व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणीचा दाखला, आहे का? नॉन-क्रिमीलेअर आहे का, आणि त्याची मुदत शिल्लक आहे का? भाचीच्या रिपोर्टासाठी जो फॉर्म भरून घेतला त्यात कॅटेगरीसमोर फक्त टिक करायची होती. तिची व्हॅलिडिटी तेव्हा समितीकडं अडकलेली होती. ती वेळेत हातात आली नसती तर एनटी-डीचा तो सगळा रंगीत कागद रद्दी, कारण ती ओपनच्या रांगेत जाऊन उभी राहिली असती, आणि तिथं तिचा नंबर आयएलएसला काय, इथंही लांब होता. तिच्या चान्सचं कुलूप सीईटीत नव्हतंच, जात पडताळणीच्या कार्यालयात होतं. भाऊजींनी तिकडं हेलपाटे मारले म्हणून जमलं. रिपोर्टाच्या वीस पानांत व्हॅलिडिटी हा शब्द एकदाही नाही. ‘यशाचा मंत्र’ मात्र दोन पानं.

पैशाचंही तेच. मुलींची व्यावसायिक कोर्सची शिक्षण शुल्क माफी २०२४-२५ पासून आहे, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर. पण प्रवेश कॅपमधून झालेला पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की ती मिळत नाही. पोरीच्या बापाला दोन कॉलेजांत निवड करायची असेल तर ही माहिती टक्क्यांपेक्षा मोलाची. रिपोर्टात फीचा रकाना आहे, पण ‘संपर्क साधा’ एवढंच लिहिलेलं. कुणाला संपर्क साधा, तर त्यांनाच. ॲडमिशन करून द्यायचा त्यांचा वेगळा पॅक आहे, त्याचा रेट विचारू नका.

आता चांगलं ते चांगलं म्हणावं. तिथं समुपदेशनाला एक मॅडम बसतात, स्वतः एलएलबी केलेल्या. रिपोर्ट बाजूला सारून त्यांनी भाचीशी चांगला तासभर बोलणं केलं. क्लॅट, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा, आणि सीईटी या दोन वेगळ्या रांगा आहेत हे त्यांनी जेवढं सोपं करून सांगितलं तेवढं मी कुठं ऐकलं नव्हतं. आमच्याकडं निम्म्या लोकांना वाटतं संभाजीनगरला कांचनवाडीत जे राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे, २०१७ ला सुरू झालेलं, तिथं सीईटीच्या मार्कांवर नंबर लागतो. लागत नाही. तिथं क्लॅट. क्लॅट डिसेंबरमध्ये होते, म्हणजे बारावीचं वर्ष चालू असतानाच; पेपर इंग्रजीत, लांबलचक उतारे, चुकलं की पाव मार्क जातो. सीईटीत निगेटिव्ह मार्किंग नाही आणि प्रश्न मराठीतही असतात. मॅडमनी भाचीपुढं क्लॅटचा एक उतारा टाकला, घड्याळ लावलं आणि म्हणाल्या वाच. वाचून झाल्यावर म्हणाल्या, “हे वर्षभर रोज इंग्रजी पेपर वाचणाऱ्याचं काम आहे गं. तुला करायचं असेल तर एक वर्ष थांबायची तयारी ठेव. नाहीतर सीईटीवर जीव लाव.” पोरीला वाईट वाटलं, पण खरं ते कळलं. ९९९ मधले निम्मे मी त्या तासाचे धरतो. रिपोर्ट फुकट वाटून मॅडमच्या तासाचे पैसे घेतले तर हे दुकान खरंच चालेल.

चहा पण चांगला असतो, आल्याचा, आणि थांबणाऱ्या पालकांनाही देतात.

पसंतीक्रमाचं मात्र त्यांनी जे करून ठेवलंय ते वाचणाऱ्यांनी मनातून काढून टाका. रिपोर्टात ‘सुचवलेला ऑप्शन फॉर्म’ असतो आणि त्यात हिरवी कॉलेजं वर, लाल खाली. म्हणजे जिथं सहज लागतंय ते पहिलं. उलटं आहे हे! कॅपमध्ये जागा मेरिट नंबरनं वाटतात. तुमची पाळी आली की यादी वरून खाली बघत जातात आणि जे पहिलं मोकळं सापडेल ते देतात. आयएलएस पहिल्या नंबरला टाकल्यानं नांदेडची जागा जात नाही. आयएलएस नाही मिळालं तर आपोआप खालच्यावर येतात. पण जवळचं कॉलेज पहिलं टाकलं आणि ते लागलं, तर त्याहून चांगलं बघायचा प्रश्नच संपला. म्हणून क्रम आवडीचा लावायचा, शक्यतेचा नाही. फक्त जिथं खरंच जाणार नाही ते कॉलेज टाकायचंच नाही. पुण्याचं होस्टेल झेपणार नसेल तर हौस म्हणून पुणं टाकू नका, लागलं तर पंचाईत.

आणि घाईही करू नका. लॉची कॅप लांबते, हा दरवर्षीचा अनुभव. मध्ये लेकरं कंटाळून बीएला नाव घालतात, मग मूळ टीसी तिकडं अडकते आणि इकडं नंबर लागला की धावाधाव. पहिल्या फेरीत जे कॉलेज लाल दिसतं ते शेवटच्या फेरीपर्यंत बऱ्याचदा खाली येतं, कारण वरचे पुण्या-मुंबईला निघून जातात. रिपोर्टात फेरीचा उल्लेखच नाही. ७३ टक्के कितव्या फेरीत, हे विचारल्यावर काउंटरवरचा पोरगा म्हणाला, “ओव्हरऑल.”

एवढं सगळं सांगितल्यावर लोक विचारतात, मग करायचं काय? सीईटी सेलच्या साइटवर प्रत्येक फेरीचे कटऑफ पीडीएफमध्ये फुकट असतात. माझ्या दुकानात प्रिंट काढाल तर पानाला दोन रुपये, आणि सगळी पानं काढायची गरज नाही. आपल्याला जायचंय ती पाच-सहा कॉलेजं, आपली कॅटेगरी, शेवटची दोन वर्षं, सगळ्या फेऱ्या. पेन्सिलीनं मेरिट नंबर गोल करायचे. पाच वर्षांचा कोर्स आणि तीन वर्षांचा यांच्या पीडीएफ वेगळ्या, ती गल्लत करायची नाही. रकान्यात दोन्ही वर्षी नंबर जवळपास असेल तर अंदाज बांधा. इकडंतिकडं उड्या मारत असेल तर समजा की जागा एक-दोनच आहेत, आणि अंदाज बांधायच्या भानगडीत पडू नका, नुसतं नाव टाका. भाचीला मी हेच करायला बसवलं. दुपारी दुकानात गर्दी नसते, काउंटरच्या मागं स्टुलावर बसून तिनं केलं. ताई डबा घेऊन आली तोवर तिची स्वतःची यादी तयार होती, आणि ती रिपोर्टापेक्षा वेगळी होती: पहाडे वर, नांदेड त्याच्या खाली, हिरवं कॉलेज पार तळाला. पहाडे कशाला वर, तर म्हणे खंडपीठ संभाजीनगरला आहे, शिकता शिकता हायकोर्ट बघता येईल. असलं कारण कुठल्या सॉफ्टवेअरला सुचणार?

तिचा नंबर दुसऱ्या फेरीत नांदेडला लागला. पहाडेचा नंबर थोडक्यात हुकला.

आठवड्याभरात केंद्रातून ताईला फोन. मुलीचा फोटो पाठवा, ‘आमचे यशस्वी विद्यार्थी’ म्हणून चौकातल्या फ्लेक्सवर लावायचाय. ताई म्हणाली, लावा की, पण फोटोचे पैसे पडतील, आणि पात्रता तुमची तुम्ही बघून घ्या.